घरात इन्व्हर्टर आहे, तरी लाइट गेली की नेट बंद. मिनी यूपीएस घ्यावा का?

कळंबा_रोड:

पावसाळा तोंडावर आलाय म्हणून विचारतोय. काम घरून, दिवसातून तीन-चार मीटिंग. वळीव सुरू झाला की लाइटचा खेळ चालू होतो, कधी पाच मिनिटं, कधी दोन-अडीच तास.

सेटअप असा आहे. फायबरचा मोडेम (ओएनटी) एक आणि त्याच्या पुढं वेगळा ड्युअल बँड राउटर एक. दोन्हीच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलंय. घरात ९०० व्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर, १५० एएच बॅटरी. राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्याच लाइनवर आहे, हे इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घेतलंय. तरीसुद्धा लाइट जाताना राउटर रीस्टार्ट होतो. नेट परत यायला तीन-चार मिनिटं, तोवर मीटिंग गेली. पंखा, ट्यूब मात्र मिचमिचतसुद्धा नाहीत. आणि कधी कधी मोडेम, राउटर दोन्ही चालू असूनही नेट नसतं.

ऑनलाइन ८,००० एमएएचपासून १२,००० एमएएचपर्यंत मिनी यूपीएस (लाइट गेल्यावर राउटर चालू ठेवणारे छोटे बॅटरीचे डबे) दिसतात. किती एमएएचचा घ्यावा? की पॉवर बँकेला १२ व्होल्टची केबल लावून भागेल?

---

फेज_न्यूट्रल:

खरेदीच्या आधी तुमचं शेवटचं वाक्य बघू, कारण तिथं गडबड असेल तर मिनी यूपीएस काय, जनरेटर लावून पण उपयोग नाही.

लाइट गेल्यावर मोडेमवरच्या दिव्यांकडे बघा. पॉवर सोडून तीन दिवे कामाचे. पॉन, लॉस आणि इंटरनेट.

पॉन स्थिर हिरवा आणि लॉस बंद, म्हणजे तुमच्या घरापासून ऑपरेटरच्या मशीनपर्यंत लाइन शाबूत आहे आणि तिकडचं मशीनही चालू आहे. लॉस लाल लुकलुकतोय म्हणजे मोडेमपर्यंत प्रकाशच येत नाही. वायर तुटली, कुठंतरी दुमडली, जॉइंटमध्ये पाणी गेलं, नाहीतर तिकडच्या मशीनची बॅटरी संपली. पॉन नुसता लुकलुकत राहिला तर प्रकाश येतोय पण नोंदणी होत नाही. पॉन स्थिर आणि फक्त इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल, तर भानगड ऑपरेटरच्याही पुढं किंवा लॉगिनमध्ये.

आता मुद्द्याचं. खरी फायबर लाइन (जीपॉन) असेल तर ऑपरेटरच्या केंद्रापासून घरापर्यंत मध्ये विजेवर चालणारं काहीच नसतं. पोलवरचा स्प्लिटर नुसता काचेचा, त्याला लाइट लागत नाही. त्यामुळं पूर्ण भागाची लाइट गेली तरी केंद्रात बॅकअप असेल तोवर नेट चालतं. पण कोल्हापुरात अजून बऱ्याच गल्ल्यांत आणि अपार्टमेंटमध्ये फायबर बिल्डिंगच्या खालच्या पेटीपर्यंत येतं आणि तिथून वर साधी लॅन केबल. त्या पेटीत स्विच असतो आणि त्याला लाइट कुणाच्या तरी मीटरवरून किंवा पार्किंगच्या बोर्डावरून दिलेली असते. ती गेली की वरच्या सगळ्यांचं नेट गेलं. अशा ठिकाणी ऑपरेटरला सांगून त्या पेटीतच बॅटरी बसवून घ्यायची, खर्च सगळ्यांत वाटून.

तुमच्याकडं थेट हिरव्या टोकाची पातळ फायबर केबल मोडेममध्ये जातेय ना? मग तुमचं जीपॉनच असणार. ब्राउझरमध्ये मोडेमचा पत्ता उघडा (बहुतेक १९२.१६८.१.१, मोडेमच्या पोटाखाली लिहिलेला असतो), त्यात ऑप्टिकल माहितीच्या पानावर आरएक्स पॉवर (मोडेमपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएममध्ये) दिसेल. उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यान असेल तर उत्तम. उणे २७ च्या पलीकडं गेला तर पावसात लाइन तुटक चालणार हे धरूनच चला. कोरड्या दिवशी एकदा आकडा लिहून ठेवा आणि धो धो पावसात परत बघा. दोन-तीन डीबीपेक्षा जास्त फरक पडला तर बाहेरच्या एखाद्या जॉइंटमध्ये पाणी शिरतंय. ऑपरेटरचा माणूस "तुमचा राउटर खराब आहे" म्हणायला लागला की हे दोन आकडे पुढं करायचे, वाद तिथंच मिटतो.

---

उद्यमनगरी:

रीस्टार्टचं कारण सांगतो.

इन्व्हर्टरला लाइट गेलेली कळून बॅटरीवर यायला थोडा वेळ लागतो. पाठीमागं किंवा पुढच्या पॅनलवर मोडचं बटण असतं, यूपीएस आणि इको (काही ठिकाणी नॉर्मल किंवा वाइड लिहितात). यूपीएस मोडला हा वेळ साधारण १० मिलिसेकंद, इकोला २० ते ४०. पंख्याला एवढ्या वेळानं काही फरक पडत नाही, पातं फिरतच असतं. राउटरला पडतो.

तेवढा वेळ राउटर अडॅप्टरमधल्या कपॅसिटरवर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) तगतो. १२ वॉटच्या अडॅप्टरमध्ये साधारण १० मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचा एक कपॅसिटर असतो. ६-७ वॉटच्या लोडला नवा असताना तो चाळीस-पन्नास मिलिसेकंद आरामात काढतो. पण हा अडॅप्टर चोवीस तास गरम, त्यात टीव्हीच्या मागं कोंडलेला. तीन-चार वर्षांत कपॅसिटर सुकतो, क्षमता निम्म्यावर येते आणि राउटर त्या फटीत पडतो. दुसरं म्हणजे व्होल्टेज. साठवलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गावर जाते, म्हणून लाइन २३० ऐवजी १८० असेल तर साठा जवळपास चाळीस टक्के कमी. लाइट जायच्या आधी दिवे मंद होतात तेव्हाच राउटर जास्त वेळा रीस्टार्ट होतो, त्याचं कारण हे.

आधी फुकटातलं करा, मोड यूपीएसला टाका. नंतर अडॅप्टर बदला, १२ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला घ्या. अँपिअर जास्त चालतात, राउटर लागेल तेवढेच ओढतो. व्होल्ट मात्र तेच पाहिजेत. ९ व्होल्टच्या जुन्या राउटरला १२ व्होल्ट दिले की कधी कधी लगेच आणि कधी कधी महिन्याभरानं तो जातो.

---

पांढरा_रस्सा:

भावा, एवढं कशाला? मिनी यूपीएस आण, लाव, विषय संपला. फक्त खोक्यावरच्या एमएएचला भुलू नको.

तो आकडा आतल्या सेलचा असतो, ३.७ व्होल्टला मोजलेला. ८,००० एमएएच म्हणजे २,००० चे चार सेल. ८ गुणिले ३.७ म्हणजे साधारण ३० वॉट-तास. १२ व्होल्ट करताना पंधरा टक्के जातात, हातात २५. तुझा मोडेम ७ वॉट आणि राउटर ६ वॉट धर, एकूण १३. म्हणजे पावणेदोन ते दोन तास, ते पण नवा असताना. खोक्यावरचा "४ तास बॅकअप" एकाच छोट्या राउटरवर मोजलेला असतो. वॉट-तास लिहिलेलंच मॉडेल घे, आणि लिहिलं नसेल तर वर केलं तसं गणित कर.

अजून एक भानगड. स्वस्तातल्या डब्यात तीन सेल एकापाठोपाठ जोडून थेट बाहेर काढतात, मध्ये व्होल्टेज धरून ठेवणारं सर्किटच नसतं. तीन सेल भरलेले असताना १२.६ व्होल्ट, रिकामे होत आले की ९ वर. खोक्यावर १२ व्होल्ट लिहिलेलं, पण शेवटच्या तासात राउटरला १० च मिळतात. मग वायफायचं नाव दिसतं पण नेट चालत नाही, राउटर आपोआप बंद-चालू होतो आणि आपण ऑपरेटरला फोन लावत बसतो. मल्टिमीटर असेल तर बॅटरीवर तासभर चालवून आउटपुट मोज. ११.५ च्या खाली गेला तर परत करायच्या मुदतीत परत कर.

बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरो) खूण बघ, त्याखाली आर अक्षर आणि आठ आकडी नंबर असतो. बीआयएस केअर अॅपमध्ये तो टाकला की कंपनी आणि वस्तू दिसते. खोक्यावर खूण यूपीएसची आणि अॅपमध्ये चार्जर निघाला, तर काय समजायचं ते समज.

---

तालमीचा_पोरगा:

पॉवर बँकेचं कुणीच बोललं नाही. माझ्या मते २०,००० ची पॉवर बँक आणि शंभर-दीडशेची केबल, बास की.

---

पांढरा_रस्सा:

एका छोट्या राउटरला चालतंय, नाही म्हणत नाही. पण ती केबल ५ व्होल्टचे १२ करते. साध्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे १० वॉटच येणार, घट वजा जाता १२ व्होल्टला जेमतेम पाऊण अँपिअर. चालू होताना ड्युअल बँड राउटर क्षणभर जास्त ओढतो, मग पॉवर बँक ओव्हरलोड समजून बंद होते. दोन डबे (मोडेम आणि राउटर) तर अजिबात नाही.

टाइप सीवरून सरळ १२ व्होल्ट मागणाऱ्या केबली मिळतात. त्यातही गोची आहे. पीडीच्या (टाइप सीवरून जास्त व्होल्ट द्यायची पद्धत) ठरलेल्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० व्होल्ट. १२ व्होल्ट ऐच्छिक आहे, दिला तर दिला. पॉवर बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं, त्यात १२ नसेल तर केबल घेऊ नको, ती ९ वर येऊन बसते.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे लाइट आली-गेली की बऱ्याच पॉवर बँका चार्जिंग सुरू करताना किंवा सोडताना आउटपुट क्षणभर तोडतात. मग राउटर परत रीस्टार्ट. मूळ तक्रार तीच होती ना? लाइट गेल्यावर हातानं लावायची असेल तर पॉवर बँक ठीक, कायम लावून ठेवायला नाही.

---

कळंबा_रोड:

सगळ्यांचे आभार. सांगितलं तसं बघितलं.

फायबर थेट मोडेममध्ये येतं, टोक हिरवं. आरएक्स उणे २१.४. काल संध्याकाळी लाइट गेली तेव्हा पॉन स्थिर होता, लॉस बंद, म्हणजे लाइन ठीक. इन्व्हर्टर इको मोडवर होता. यूपीएसवर टाकला तर रीस्टार्ट थांबला, पण नवीनच त्रास. संध्याकाळी सातनंतर लाइट असतानासुद्धा इन्व्हर्टर बॅटरीवर जातो आणि येतो, सारखा टक टक आवाज. सॉकेटला मल्टिमीटर लावला तर १७४ ते १८२ दाखवतोय. आता काय करू?

---

उद्यमनगरी:

अपेक्षितच होतं. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्टच्या आतलीच लाइन चांगली मानतो. इकोमध्ये १०० ते २९० पर्यंत चालवून घेतो. तुमचं व्होल्टेज बरोबर उंबऱ्यावर आहे, म्हणून रिले (लाइन आणि बॅटरी बदलणारा आतला स्विच) आत-बाहेर करतोय. तसंच ठेवलं तर रोज संध्याकाळी बॅटरी उगाच वापरली जाणार, आणि खरंच लाइट जाईल तेव्हा ती अर्धीच भरलेली सापडणार. शिवाय रिलेच्या पट्ट्या जळतात.

मोड परत इकोला न्या.

आता मिनी यूपीएस घ्या, पण वर चाललेलं ८,००० की १२,००० हे तुमच्यासाठी विसरा. तुमच्या मागं १५० एएच बॅटरी उभी आहे, १२ व्होल्टला १,८०० वॉट-तास. मिनी यूपीएसनं फक्त इन्व्हर्टर जागा होईपर्यंतचे ४० मिलिसेकंद काढायचे आहेत. त्याला सगळ्यात लहान डबासुद्धा पुरतो. म्हणून पैसे एमएएचवर न घालता तीन गोष्टींवर घाला. बॅटरीवर असताना आउटपुट स्थिर १२ व्होल्ट पाहिजे, दोन डबे चालवायचे तर २ अँपिअर एकत्र देणारा पाहिजे, आणि लाइट असताना जास्त गरम होता कामा नये.

जोडणी अशी. भिंतीतला इन्व्हर्टरचा सॉकेट, त्यात १२ व्होल्ट अडॅप्टर, त्यापुढं मिनी यूपीएस, त्यातून दोन वायरी मोडेम आणि राउटरला. खोक्यात स्वतःचा अडॅप्टर आला असेल तर तोच वापरा. नसेल आणि राउटरचाच १ अँपिअरचा अडॅप्टर लावायला सांगत असतील तर तो लावू नका. दोन्ही डबे मिळून एक अँपिअरपेक्षा जास्त आणि वर सेलचं चार्जिंग, एवढं एका अडॅप्टरनं ओढणं म्हणजे तो हात लावता येणार नाही इतका तापणार. २ अँपिअर किमान, ३ चा मिळाला तर तो.

व्होल्टेजचं मात्र वेगळं बघा. फक्त तुमच्या घरात १७५ आणि शेजारी २१० असेल तर तुमच्याच मेन स्विचमध्ये किंवा मीटरच्या टर्मिनलला ढिला जोड आहे. तो तापतो, प्लास्टिक पिवळं पडतं. सगळ्या गल्लीत तसंच असेल तर १९१२ वर तक्रार नोंदवा, नंबर घ्या.

---

फेज_न्यूट्रल:

वरच्याशी सहमत. फक्त एक भर. तुमच्या मोडेममध्येच वायफाय असेल (बहुतेकांत असतं) तर मीटिंगपुरता वेगळा राउटर लागतो का, ते एकदा तपासा. दोन डब्यांऐवजी एक झाला की बिघडायच्या जागा निम्म्या.

---

रंकाळा_वारा:

बॅकअपवर सगळे बोलले, वळवाच्या विजांवर कुणीच नाही. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी जो गडगडाट होतो त्यात जेवढे राउटर जातात, तेवढे अख्ख्या जून-जुलैच्या पावसात जात नाहीत.

वीज थेट पडावी लागत नाही. अर्ध्या किलोमीटरवर पडली तरी लांब तारेत झटका तयार होतो. तो घरात दोन वाटांनी येतो, लाइटच्या वायरीतून आणि तांब्याच्या लॅन केबलमधून. फायबरच्या काचेतून येत नाही, पण पोलवरून येणाऱ्या चपट्या ड्रॉप केबलला ताणासाठी स्टीलची तार असते. ती खिडकीच्या ग्रिलला गुंडाळून तशीच आत मोडेमपर्यंत आणलेली बरेच ठिकाणी दिसते. ती तार बाहेरच हुकाला अडकवून तिथंच कापायची, आत फक्त बारीक केबल. माळ्यावरच्या कॅमेऱ्याची किंवा गच्चीवरून शेजारी दिलेली लॅन वायर असेल तर झटका तिकडून येतो. त्या पोर्टचा दिवा कायमचा विझतो, बाकी राउटर चालू राहतो.

आता "स्पाइक गार्ड". लाल बटणाचा प्रत्येक एक्स्टेन्शन बोर्ड स्पाइक गार्ड नसतो. आत एमओव्ही नावाची निळी किंवा पिवळी चकती पाहिजे, आणि ती झटका अर्थिंगला टाकते. घराला अर्थिंगच नसेल तर चकती असून निम्मं काम होत नाही. जुन्या वाड्यात, तीन पिनचा सॉकेट असला तरी अर्थच्या भोकात वायर नसते, हे सर्रास.

मल्टिमीटर एसीला लावून सॉकेटमध्ये मोजा. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ जवळपास सारखं आलं पाहिजे. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. दहा-वीस येत असेल तर अर्थिंग ढिलं आहे किंवा न्यूट्रल. फेज ते अर्थ साठ-सत्तर असं काहीतरी अर्धवट आलं तर अर्थ जोडलेलंच नाही. जमत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, उगाच भोकात वायर घालू नका.

वादळात झाडाची फांदी लाइनवर पडून न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी ३००-४०० येऊ शकतात. ते अडॅप्टरला सोसत नाही. वर ४०० व्होल्टचा कपॅसिटर सांगितला ना, तो २८३ व्होल्ट एसीलाच त्याच्या हद्दीवर येतो. म्हणून वादळानंतर लाइट आल्या आल्या दिवे नेहमीपेक्षा लख्ख दिसले किंवा एका खोलीत लख्ख आणि दुसरीत मंद, तर मेन स्विच बंद करायचा.

ढग गडगडायला लागले आणि काम नसेल तर प्लग काढा आणि लॅन वायरही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, बटण एकच तार तोडतं.

---

व्हीनस_कॉर्नर:

इथं पुराचा प्रश्न वेगळाच आहे. २०१९ आणि २०२१ ला आमच्या भागात दिवसच्या दिवस लाइट नव्हती. तेव्हा मिनी यूपीएसचा काय उपयोग?

---

फेज_न्यूट्रल:

काही नाही. पाणी आत शिरलं की डीपी आणि उपकेंद्रं सुरक्षेसाठी बंदच ठेवावी लागतात, आणि तशा वेळी ऑपरेटरचं केंद्रही बॅटरी-डिझेलवर किती तगेल हे त्याच्या जागेवर अवलंबून.

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. तुमच्या भागात आकडा ३९ ला आला की कामाला लागा. इन्व्हर्टर जमिनीवर असेल तर बॅटरीसकट वर उचला (१५० एएच बॅटरी पन्नास किलोच्या पुढं भरते, दोघं लागतात, आणि तिरकी करायची नाही, आत आम्ल आहे). मोडेम-राउटर सोडवून पिशवीत. सगळे फोन, पॉवर बँका पूर्ण चार्ज. त्यानंतर घरच्या नेटचा नाद सोडा, फोनचा डेटा वापरा, आणि तोही व्हिडिओसाठी नाही, कारण सगळं शहर त्याच टॉवरांवर आलेलं असतं. शक्यतो घरात दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा.

पाणी उतरल्यावर भिजलेला अडॅप्टर उन्हात वाळवून लावायचा नाही. आतल्या सर्किटच्या पाटीवर गाळ राहतो, तो ओल धरतो आणि प्लग लावल्यावर फेज थेट राउटरच्या बाजूला पोचू शकते. दीड-दोनशे रुपयांची वस्तू आहे, टाकून द्या.

---

तालमीचा_पोरगा:

सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) पण त्याच मिनी यूपीएसवर टाकला तर? तो पण १२ व्होल्टच आहे.

---

उद्यमनगरी:

नको. डीव्हीआरमधली मोठी हार्ड डिस्क फिरायला लागताना एकटीच दीड-दोन अँपिअर ओढते. मिनी यूपीएस तिथंच बसणार आणि नेटपण घेऊन जाणार. वर प्रत्येक कॅमेरा रात्री इन्फ्रारेड चालू झाल्यावर पाव ते अर्धा अँपिअर. डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांचा पुरवठा इन्व्हर्टरच्या लाइनवर घे. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा कॉम्प्युटर यूपीएस. त्यात १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, म्हणजे ८४ वॉट-तास. डीव्हीआर आणि चार कॅमेरे तासभर ओढले तरी पुष्कळ.

त्याच यूपीएसवर नुसता राउटर लावणारे पण असतात. चालतं, पण डब्याचा स्वतःचाच खर्च दहा-पंधरा वॉट असतो, म्हणजे राउटरपेक्षा यूपीएसच जास्त खातो. काही मॉडेल एवढा कमी लोड बघून "काहीच जोडलेलं नाही" असं समजून बंद होतात. आणि रात्री दर काही सेकंदाला पीं पीं.

---

तालमीचा_पोरगा:

मग १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी सरळ राउटरला जोडली तर? मधला यूपीएसच उडवून टाकायचा.

---

उद्यमनगरी:

डोकं चालतंय तुझं, पण सरळ नाही. ती बॅटरी चार्जिंगवर असताना १३.५ ते १४.४ पर्यंत जाते आणि रिकामी होताना ११ च्या खाली. काही राउटर सोसतात. काहींच्या तोंडाशी १६ व्होल्टचा कपॅसिटर असतो, त्याला १४ म्हणजे काठावरच. मध्ये बक-बूस्ट मॉड्यूल पाहिजे. दुकानदार एलएम२५९६ चं हातात देतो, ते फक्त व्होल्टेज उतरवतं आणि स्वतः दीड-दोन व्होल्ट खातं. १२ च्या बॅटरीतून ते १२ देऊच शकत नाही. चढवणारं आणि उतरवणारं, दोन्ही करणारं माग. राउटर लावायच्या आधी त्याचा स्क्रू फिरवून मीटरवर बरोबर १२.० कर, आणि बॅटरीच्या प्लसला लागूनच ३ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज राउटरच्या बाजूला लावलास तर मधली वायर शॉर्ट झाल्यावर तिला कुणी वाली नाही.

---

कळंबा_रोड:

ठरलं. इन्व्हर्टर इकोवर, मध्ये छोटा मिनी यूपीएस, १२ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर. वायरमनला मेन स्विचचा ढिला जोड बघायला उद्या बोलावलंय, कारण शेजारी २१२ आहे.

एक राहिलं. मिनी यूपीएससोबत आलेली वायर राउटरमध्ये जातेय, पण हलवली की दिवे जातात. मोडेमला मात्र घट्ट बसते.

---

पांढरा_रस्सा:

पिनचा फरक आहे. बाहेरून दोन्ही ५.५ मिलिमीटरच, पण आतलं भोक एकाचं २.१ आणि दुसऱ्याचं २.५. तुझ्या वायरीचं भोक २.५ आणि राउटरमधली काडी २.१ ची, म्हणून आत जातं पण काडीला नीट टेकत नाही. तसंच ठेवलंस तर ठिणगी पडून राउटरचा सॉकेट जळतो. २.१ ची वायर वेगळी मिळते, पन्नास रुपयांच्या आत.

जुन्या अडॅप्टरची वायर कापून जोडायचा विचार असेल तर पांढरी पट्टी असलेली तार बहुतेक वेळा प्लस असते, पण बहुतेकच. मल्टिमीटर लावून बघ, आतल्या भोकात प्लस आणि बाहेरच्या कडीला मायनस आलं पाहिजे. तुझ्या राउटरच्या लेबलवर गोलाचं जे चित्र आहे त्याच्याशी ताडून मगच खुपस.